पिच्चर कोणता भारी ते नंतर ठरवू, आधी पडदा कुठे आहे ते सांगा

पोस्ट लांब आहे. घाईत असाल तर लाइक ठोका आणि पुढे जा, राग नाही. पण भांडायचं असेल तर शेवटपर्यंत वाचा आणि मग भांडा.

परवा रविवारी सकाळी जळगावात गोलाणी मार्केटच्या बाजूला चहाला थांबलो होतो. तिथे दोन ओळखीची माणसं हमरीतुमरीवर आलेली. एक आमचे प्राध्यापक सर, जागतिक सिनेमाचे जाणकार. हार्ड डिस्कमध्ये इराणपासून जपानपर्यंत सगळं भरलेलं. दुसरा मोबाइलच्या दुकानात काम करणारा पंचविशीचा पोरगा, एका हिरोचा कट्टर फॅन. नवा पिच्चर लागला की बॅनर, ढोल आणि गुलालाचा खर्च हा आणि याचे मित्र वर्गणी काढून करतात. सर म्हणत होते, "तुमच्यासारख्यांमुळे चांगला सिनेमा मेला. मेंदू चपलांसारखा बाहेर काढून आत जाता तुम्ही." पोरगा म्हणाला, "सर, तुमच्या पिच्चरला चार माणसं येत नाही. आमच्यामुळे डोअरकीपरचा पगार निघतो. आभार माना आमचे."

मला बघितल्यावर दोघं एकदम म्हणाले, "पत्रकार साहेब, तुम्हीच सांगा."

मी चहाचे पैसे दिले आणि सटकलो. वीस वर्षं बातमीदारी केल्यावर एवढं कळतं की दोन तापलेल्या डोक्यांच्या मध्ये उभं राहायचं नसतं. पण घरी आल्यावर ते भांडण डोक्यातून जाईना. कारण त्या दोघांनी एकमेकांना सगळं सुनावलं, पण ज्याला सुनवायला पाहिजे होतं त्याचं नावच काढलं नाही. म्हणून हे उत्तर.

आधी सरांना.

सर, तुमचे माझ्यावर उपकार आहेत. 'पथेर पांचाली' मी तुमच्या घरी, तुमच्या कॉम्प्युटरवर पाहिला. पण 'लोकांना कळत नाही' हे तुमचं पालुपद मला मान्य नाही, कारण मी लोकांमध्ये बसून सिनेमा पाहिलाय.

२०१६ चा मे महिना. मी तेव्हा धुळ्यात होतो. बाहेर धुळ्याचं ऊन, म्हणजे सांगायलाच नको. आत टॉकीजमध्ये कुलर नावापुरता. 'सैराट' २९ एप्रिलला लागला होता आणि तिकीट मिळत नव्हतं. गाणं लागलं की पोरं खुर्च्यांवर चढत होती, शर्ट काढून फिरवत होती, पडद्यावर चिल्लर फेकत होती. तुम्ही असता तर उठून गेला असता. मग शेवट आला. तुम्हाला तो शेवट माहीत आहे. संगीत नाही, संवाद नाही, फक्त ते लहान लेकरू आणि त्याची पावलं. तीच पोरं, त्याच खुर्च्या. दिवे लागले तरी कोणी उठेना. एकानेही शिट्टी मारली नाही. बाहेर स्टँडवरून गाड्या काढतानाही कोणी कोणाशी बोलत नव्हतं. मी कितीतरी व्याख्यानमाला कव्हर केल्यात, जातीवरची भाषणं ऐकलीत. एवढी शांतता मी कुठल्याही सभेत पाहिलेली नाही.

तो शेवट कोणत्याही महोत्सवात शोभेल असा आहे, आणि 'सैराट' इथे लागण्याआधी बर्लिनच्या महोत्सवात दाखवलाही गेला होता. आणि शंभर कोटींचा टप्पा गाठणारा पहिला मराठी सिनेमाही तोच. मग सांगा, याला कोणत्या कप्प्यात टाकायचं? त्याच नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' २०१४ च्या १४ फेब्रुवारीला आला होता. त्याला कोणी नाचलं नाही. पण त्याच्या शेवटचा तो दगड ज्याला लागायचा त्याला लागलाच. एकच माणूस दोन्ही करू शकतो. प्रेक्षकही दोन्ही घेऊ शकतो.

आणि ही काही आजची गोष्ट नाही. 'संत तुकाराम' १९३६ चा, प्रभातचा. दामले-फत्तेलालांनी केलेला. मुंबईत एकाच थिएटरात ५७ आठवडे चालला. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात जगातल्या उत्तम तीन सिनेमांत त्याची गणना झाली. व्हेनिसच्या परीक्षकांना जे कळलं तेच धोतर-फेट्यातल्या वारकऱ्याला कळलं. तो वारकरी तुमच्या व्याख्येत 'मास' की 'क्लास'?

आपल्या मातीतलं उदाहरण घ्या. साने गुरुजी अमळनेरला प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. त्यांच्या 'श्यामची आई'वर आचार्य अत्र्यांनी १९५३ साली सिनेमा काढला आणि राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रपती सुवर्णपदक त्याला मिळालं. देशातला पहिला मानकरी तो. आणि बायाबापड्या तो बघून पदर डोळ्याला लावून बाहेर पडायच्या. त्याच अत्र्यांनी आसोद्याच्या बहिणाबाईंच्या ओव्यांना दाद दिली आणि १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' छापून आली. अक्षर न शिकलेली शेतकरीण. तिची गाणी जात्यावरही चालली, १९६१ च्या 'मानिनी' सिनेमातही चालली आणि आज आपल्या विद्यापीठाला तिचं नाव आहे. ना. धों. महानोर पळसखेडचे, शेतात राबणारे कवी. १९७७ च्या 'जैत रे जैत'ची गाणी त्यांची. तो जब्बार पटेलांचा सिनेमा, ठाकर आदिवासींवरचा, राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा. आणि त्याची गाणी आजही लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजतात. खानदेशाने 'उच्च' आणि 'लोकांचं' अशी वाटणी कधी केलीच नव्हती. ही वाटणी बाहेरून आली आणि आपण ती डोक्यावर घेतली.

सर, अजून एक. २०२३ च्या पावसाळ्यात 'बाईपण भारी देवा' लागला तेव्हा तुम्ही म्हणाला होता, "मालिकेचा एपिसोड आहे." असेल. पण भिशीतल्या बाया, बचत गटातल्या बाया, सुनेला घरी ठेवून सासवा, गट करून टॉकीजला आल्या. पन्नाशीच्या बाईला पडद्यावर स्वतःसारखी बाई दिसली, म्हणून आल्या. त्यांनी मेंदू बाहेर ठेवला नव्हता. उलट कितीतरी वर्षांनी स्वतःसाठी तीन तास काढले होते. त्यांना हसणारा माणूस रसिक नसतो, नुसता गर्विष्ठ असतो.

आता भाऊ, तुझ्याकडे वळतो. लगेच खूश होऊ नको.

तू म्हणतो, "जो चालतो तो चांगला. पब्लिकने ठरवलं, विषय संपला." पब्लिकने काय ठरवलं ते तुला माहीत आहे का? मला आलेला अनुभव सांगतो.

गेल्या वर्षी एक पुरस्कारविजेता मराठी सिनेमा एका मल्टिप्लेक्सला लागला. मल्टिप्लेक्सचं नाव लिहीत नाही, कारण सगळीकडे हेच चालतं. अख्ख्या दिवसात एक शो. वेळ सकाळी पावणेदहा. सकाळी पावणेदहाला नोकरी करणारा माणूस कुठे असतो? बाई कुठे असते? पोरं कुठे असतात? तरी मी, माझी बायको आणि शेजारचे एसटीतून रिटायर झालेले काका असे तिघं गेलो. आणखी एक कॉलेजची मुलगी आली होती. काउंटरवर सांगितलं, शो रद्द. चार तिकिटांवर मशीन चालू करता येत नाही, किमान अमुक इतकी पाहिजेत. मी म्हटलं, बाकीची तिकिटं मी काढतो. तो पोरगा बिचारा म्हणाला, "साहेब, वरून बंद झालं, माझ्या हातात काही नाही." ती मुलगी तालुक्याच्या गावाहून पहाटेच्या एसटीने आली होती. तीही परत गेली.

शेजारच्या स्क्रीनला त्या आठवड्यातला मोठा पिच्चर होता. काका म्हणाले, "आलोच आहे तर हाच बघू." आत गेलो, मोजली, सतरा माणसं होती. आणि खोटं कशाला बोलू, मला मजा आली. हिरोने जीप उडवली तेव्हा मीही टाळी वाजवली. माझा त्या पिच्चरवर राग नाही. राग याचा आहे की दोन दिवसांनी त्या दुसऱ्या सिनेमाचा तो एकमेव शोही काढला आणि कारण दिलं 'प्रेक्षकांचा प्रतिसाद नाही'. म्हणजे पंगतीत वाढायचंच नाही आणि वर सांगायचं, पाहुण्यांना हे आवडत नाही.

आता हे का होतं ते समजून घे, कारण तुला वाटतं हा पब्लिकचा कौल आहे. २००९ साली हिंदीचे निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांचं पैशांवरून भांडण झालं होतं, दोन महिने नवे मोठे सिनेमे लागले नव्हते. मग तडजोड झाली. तिकिटाच्या पैशात निर्माता-वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५, पुढे ३०. म्हणजे वितरकाला पहिल्या आठवड्यातच जेवढं ओरपता येईल तेवढं ओरपायचं असतं. त्यासाठी त्याला जास्तीत जास्त स्क्रीन पाहिजेत, एकाच वेळी, पहिल्याच शुक्रवारी. ज्याच्याकडे जाहिरातीला पैसा आहे आणि पुढचा मोठा पिच्चर हातात आहे, तो थिएटरवाल्याला सांगू शकतो की सगळे शो मला दे. ज्याच्याकडे एकच लहान सिनेमा आहे तो काय सांगणार? त्याचा सिनेमा तोंडी प्रचारावर चालणारा. एकाने बघितला, दुसऱ्याला सांगितला, तिसरा रविवारी बायकोला घेऊन गेला. याला दोन-तीन आठवडे लागतात. त्याला मिळतात दोन-तीन दिवस. पूर्वी पिच्चर पंचवीस आठवडे चालला की सिल्व्हर ज्युबिली व्हायची. आता शुक्रवारी लागतो आणि सोमवारी त्याचा निकाल लागतो. आणि त्या निकालाला तू 'पब्लिकचा कौल' म्हणतो.

तू म्हणशील, सरकार आहे ना. आहे. २०१५ च्या एप्रिलमध्ये सरकारने जाहीर केलं की मल्टिप्लेक्सला संध्याकाळी ६ ते ९ मध्ये मराठी सिनेमा लावावा लागेल. केवढा गाजावाजा झाला, मुंबईत केवढी भांडणं झाली. मग ती वेळ दुपारी १२ ते रात्री ९ झाली. भाऊ, मे महिन्यात जळगावात दुपारी १२ ला प्राइम टाइम असतो का? तेव्हा आपल्याकडे कुत्रं रस्त्यावर दिसत नाही. योगायोग बघ, त्याच एप्रिलमध्ये चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' लागला होता. व्हेनिसला पुरस्कार, राष्ट्रीय पुरस्कारात देशातला सर्वोत्कृष्ट चित्रपट, पुढे ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका. गोष्ट कोणाची? एका लोकशाहिराची. चौकात डफावर गाणाऱ्या माणसाची. आपल्या गावोगावी असे शाहीर आहेत, आणि त्यांच्यातल्या कितीजणांनी तो सिनेमा पाहिला असेल?

अजून एक हिशेब. जीएसटी येईपर्यंत, म्हणजे १ जुलै २०१७ पर्यंत, महाराष्ट्रात मराठी सिनेमाला करमणूक कर माफ होता. जीएसटी आल्यावर ती माफी गेली. शंभर कोटींच्या पिच्चरला जो कर, तोच लेकराबाळांच्या मराठी सिनेमाला. आता २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के झालाय. चांगलं आहे. पण मल्टिप्लेक्समध्ये शनिवारी संध्याकाळी १०० च्या आत तिकीट कुठे मिळतं ते दाखव. आणि चार माणसांचं कुटुंब गेलं की पॉपकॉर्न-पाण्यात जे जातं त्यात शेतमजुराची आठवड्याची भाजी येते. पूर्वी टॉकीजमध्ये खाली स्टॉलला हमाल बसायचा आणि वर बाल्कनीत वकील बसायचा. पिच्चर एकच. आता हमाल मोबाइलवर आणि वकील रिक्लायनरवर. ज्याला तू पब्लिक म्हणतो ती निम्मी पब्लिक टॉकीजच्या बाहेरच राहिली, भाऊ.

म्हणून मी म्हटलं, तुम्ही दोघं ज्याला सुनवायला पाहिजे त्याला सोडून एकमेकांना सुनावताय. सर म्हणतात प्रेक्षक वाईट. तू म्हणतो सिनेमा वाईट. आणि जो ठरवतो की जळगाव-धुळ्याच्या माणसाला कोणता सिनेमा, कोणत्या वेळेला, किती रुपयांना दिसेल, तो मुंबईत एसीत बसून आपल्या नावापुढे 'सी सेंटर' लिहितो आणि गालात हसतो.

यावर एक हमखास उत्तर येतं, "आता सगळं ओटीटीवर आहे, टॉकीजचं काय घेऊन बसलात?" 'द डिसायपल'ला व्हेनिसला पटकथेचा पुरस्कार मिळाला आणि २०२१ मध्ये तो थेट नेटफ्लिक्सवर आला. बरोबर. पण ज्याला तो आहे हे माहीत आहे तोच तो शोधतो. शोधलं नाही तर तो समोर येत नाही. टॉकीजच्या दारावर पोस्टर असायचं, जाता-येता दिसायचं. लहानपणी आमच्या घरी ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. रविवारी दुपारी दूरदर्शनवर कधी मल्याळी, कधी बंगाली, कधी कन्नड असे पुरस्कारवाले सिनेमे लागायचे. आम्हाला भाषा येत नव्हती, खालची इंग्रजी अक्षरं वाचता येत नव्हती. तरी गल्लीतली दहा-बारा पोरं आणि दोन आज्या बसून बघायच्या, कारण दुसरं काही नव्हतंच. आजी मध्येच सांगायची, "हाई बाईना नवरा वारी गया व्हई." तिला एक शब्द कळत नव्हता आणि सगळी गोष्ट कळत होती. त्या आजीला 'आर्टहाऊस' म्हणजे काय ते कोणी सांगितलं नव्हतं म्हणूनच ती बघू शकली.

आता शिरपूरच्या स्मिताबद्दल बोलू, कारण आपण सगळे तिच्यावर हक्क सांगतो. स्मिता पाटील आपली, खानदेशाची लेक. तिचे वडील शिवाजीराव पाटील इथले पुढारी. जन्म तिचा पुण्यातला, पण आपण सांगताना शिरपूर सांगतोच. सर, ती तुमची 'मंथन', 'भूमिका' आणि 'उंबरठा'ची. भाऊ, ती तुझी 'नमक हलाल'ची, बच्चनबरोबर पावसात भिजणारी. 'उंबरठा' आणि 'नमक हलाल' दोन्ही १९८२ चे. एकाच वर्षी एकच बाई. तिला स्वतःला त्या पावसाच्या गाण्याचा त्रास झाला होता, हे जगजाहीर आहे. म्हणजे ही ओढाताण तिच्याही आत होती. पण तिने दोन्ही केलं. १३ डिसेंबर १९८६ ला ती गेली, तेव्हा वय अवघं ३१. आणि आपण तिचे दोन तुकडे करून वाटून घेतोय.

'मंथन'चा पैसा कुठून आला होता माहीत आहे ना? गुजरातमधल्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले. १९७६ ला सिनेमा लागला तेव्हा शेतकरी ट्रक भरून 'आपला' पिच्चर बघायला आले. तोच सिनेमा नव्याने दुरुस्त करून २०२४ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. समांतर सिनेमा लोकांपासून तुटलेला असतो म्हणणाऱ्यांनी या पाच लाख लोकांना काय म्हणायचं ते ठरवावं. आपल्याकडे केळी आहे, कापूस आहे, दूध संघ आहेत. दोन रुपये काढायची दानत नाही असंही नाही. मागणारा कोणी आला नाही.

शेजारी मालेगाव बघा. धुळ्याहून तासाभराच्या अंतरावर. तिथे २०२३ च्या दिवाळीत 'टायगर ३' चालू असताना पोरांनी टॉकीजच्या आत फटाके फोडले, चेंगराचेंगरी व्हायची बाकी होती, गुन्हा दाखल झाला. भाऊ, त्याला फॅनगिरी म्हणत नाही, मूर्खपणा म्हणतात. लेकरं होती आत. पण त्याच मालेगावात नासिर शेख नावाच्या माणसाने व्हिडिओ पार्लर चालवत, यंत्रमागावर काम करणाऱ्या मित्रांना घेऊन 'मालेगाव के शोले' काढला. फैजा अहमद खान यांनी त्याच्या मंडळींवर माहितीपट केला, तो देश-विदेशात फिरला. मग रीमा कागती यांनी 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' केला. टोरांटोच्या महोत्सवात गाजला, २८ फेब्रुवारी २०२५ ला आपल्याकडे लागला आणि तिकीटबारीवर चालला नाही. गंमत बघा. सिनेमाच्या वेडाने पछाडलेल्या यंत्रमाग कामगारांवरचा सिनेमा 'फेस्टिव्हलवाला' ठरला, आणि ज्यांच्यावर तो होता त्यांच्यापर्यंत नीट पोचायच्या आत उतरला. मालेगावच्या त्या पोरांना कोणी विचारलं असतं की तुम्ही आर्टवाले की मसालावाले, तर त्यांनी विचारणाऱ्यालाच कॅमेऱ्यामागे उभं केलं असतं.

आता माझ्या स्वतःच्या धंद्याबद्दल, नाहीतर तुम्ही म्हणाल पत्रकार स्वतःला सोडून सगळ्यांना झोडतो.

दर शुक्रवारी आमच्याकडे मेल येतो. अमुक पिच्चरने पहिल्या दिवशी इतके कोटी, दुसऱ्या दिवशी इतके कोटी. आम्ही तो छापतो. ते आकडे कोणी तपासले? आम्ही नाही. कांद्याचा भाव छापताना बाजार समितीला फोन करतो, कापसाचा भाव छापताना व्यापाऱ्याला विचारतो. पिच्चरच्या कोटींचा आकडा मात्र आला तसा लावतो. त्यामुळे भाऊ, तुझ्या डोक्यात जे बसलंय की सिनेमा म्हणजे कोटींची मॅच, ते आम्ही बसवलंय. निर्मात्याला किती कोटी मिळाले याचं तुला काय रे? त्यातला एक रुपया तुझ्या दुकानात येणार आहे का?

आणि एक गोष्ट आहे जी मला जास्त टोचते. दोन वर्षांपूर्वी धुळे तालुक्यातला एक मुलगा ऑफिसला आला होता. अहिराणीत चाळीस मिनिटांचा सिनेमा केला होता त्याने. उसनवारीचा कॅमेरा, गावातलीच माणसं. विषय विहिरीचा. दोन भावांच्या वाटणीत एकच विहीर. तो म्हणाला, "भाऊ, कुठे दाखवू हा?" मी त्याला दोन-चार नावं सांगितली, सगळी पुण्या-मुंबईची. तो म्हणाला, "तिथले लोक बघतील. पण मी हा यांच्यासाठी केलाय," आणि खिडकीतून रस्त्याकडे हात केला. मी म्हटलं, बघू. बातमी केली नाही. बातमीमूल्य नाही असं डेस्कवर सांगितलं. त्याच दिवशी माझ्या पानावर एका हिंदी पिच्चरच्या कोटींची तीन कॉलम बातमी होती.

त्या मुलाने शेवटी गावातल्या शाळेच्या भिंतीवर चुना मारून घेतला आणि त्यावर दाखवला. मी उशिरा का होईना, गेलो. दोन-अडीचशे माणसं जमिनीवर बसलेली. अर्धे लोक स्वतःला पडद्यावर बघून हसत होते, अर्धे त्यांना गप्प बसा सांगत होते. विहिरीवर भिंत घालायचा प्रसंग आला तेव्हा सगळे गप्प. माझ्या पुढचा म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "हाई ते आपलाच गावनी गोट शे भो." त्या सिनेमात गाणं नव्हतं, हिरो नव्हता, संथ होता, तांत्रिक चुका भरपूर होत्या. एक माणूस उठून गेला नाही. आणि सिनेमा संपल्यावर त्याच पोरांनी स्पीकरवर नाचाचं गाणं लावून धिंगाणा केला. दोन्ही गोष्टी एकाच भिंतीसमोर, एकाच रात्री.

तर नुसतं रडून उपयोग नाही. मला काय पाहिजे ते सांगतो.

एक, जळगावात छत्रपती संभाजीराजे नाट्यगृह आहे, धुळ्यात राजर्षी शाहू महाराज नाट्यमंदिर आहे. महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी तिथे एक सिनेमा दाखवा. फुकट नको, ५० रुपये तिकीट ठेवा, कारण फुकटाची किंमत राहत नाही आणि ज्याचा सिनेमा आहे त्याला पैसे मिळाले पाहिजेत. रीतसर परवानगी घेऊन, हक्काचे पैसे देऊन. एका महिन्यात 'उंबरठा', दुसऱ्या महिन्यात एखादा धमाल गर्दीवाला पिच्चर, तिसऱ्या महिन्यात आपल्या भागातल्या पोरांनी केलेलं काही. नगरसेवकांनो, वाढदिवसाचे बॅनर दोन कमी लावा, खर्च निघतो.

दोन, मल्टिप्लेक्सवाल्यांनी मराठी सिनेमाला आठवड्यातून तीन दिवस का होईना संध्याकाळचा एक शो द्यावा आणि निदान दोन आठवडे ठेवावा. त्यानंतरही लोक आले नाहीत तर मी याच भिंतीवर लिहीन की लोकांना नको आहे. पण आधी द्या.

तीन, सर, वर्षातून एकदा मोठ्या पिच्चरच्या पहिल्या दिवशी पहिल्या शोला पुढच्या रांगेत बसा. तुमच्या लाडक्या दिग्दर्शकांनाही कधीतरी प्रेक्षकांचा तो आवाज हवासा वाटला असेल. भाऊ, तू वर्षातून दोन तिकिटं अशा सिनेमाची काढ ज्याच्या पोस्टरवरचा एकही चेहरा तुला ओळखू येत नाही. आवडला नाही तर शिव्या दे. पण बघून दे.

चार, माझ्याकडून. कोटींचे आकडे तपासल्याशिवाय मी छापणार नाही. आणि दर शुक्रवारी इथे या भिंतीवर एक यादी टाकणार, या आठवड्यात कोणते मराठी सिनेमे लागले आणि त्यातले जळगाव-धुळ्यात आलेच नाहीत ते कोणते. एवढं करायला संपादकाची परवानगी लागत नाही.

शेवटचं. काल त्या अहिराणी सिनेमावाल्या मुलाला फोन केला आणि माफी मागितली. तो हसला. म्हणाला, "भाऊ, दुसरा करतोय. या वेळी गाणं टाकलंय एक, पोरं नाचतील असं." म्हटलं, टाक. नाट्यगृहाच्या भाड्याची चौकशी केलीय, आकडा माझ्या ऐपतीबाहेरचा आहे. ज्यांना दोन रुपये, दोनशे रुपये जे जमेल ते द्यायचं असेल त्यांनी इनबॉक्समध्ये नुसतं 'हो' लिहा. पैसे आत्ता पाठवू नका, आधी माणसं मोजू.

सरांना आणि त्या फॅन पोराला, दोघांनाही टॅग केलंय. जमलं तर पहिल्या रांगेतली शेजारशेजारची दोन तिकिटं माझ्याकडून. मधल्या वेळेत भांडायला मुभा आहे, पण शो चालू असताना नाही.